वनाआबाची शिट्टी आणि मलेरियाची गोळी

वनाआबा पाटील सरकारच्या हिवताप खात्यातून निवृत्त झाले, पण हिवताप काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. धरणगाव तालुक्यातल्या त्या लहानशा गावात डॉक्टर नव्हता, आणि डॉक्टरची गरज आहे असं आबांनी कोणाला वाटूही दिलं नव्हतं. सकाळी ओट्यावर बसले की येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून त्यांचं निदान सुरू व्हायचं. कोणी गप्प दिसला की रक्त कमी, कोणी जास्त बोलला की पित्त, आणि कोणी आबांशी वाद घातला की ताप डोक्यात गेलेला. बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेणं आणि गोळी देणं, एवढं एकच काम त्यांनी नोकरीभर केलं होतं. पण एक काम आयुष्यभर केलं की बाकीची सगळी कामं आपोआप येतात, अशी त्यांची समजूत होती. ती मोडायला गावात कोणाला सवड नव्हती. लोकांना कापूस वेचायचा होता.

त्यांची नोकरी सगळी सातपुड्याच्या पायथ्याशी गेली, चोपड्याच्या वरच्या पाड्यांवर. खाकी शर्ट, सायकल, खांद्याला पिशवी. ज्याचं अंग तापलेलं त्याचं रक्त घ्यायचं आणि लगेच क्लोरोक्वीनच्या गोळ्या द्यायच्या. रक्ताचा निकाल मागाहून, खात्याच्या सवडीनं यायचा. गोळी कडू जहर. पाड्यावरची माणसं सरकारचा मान राखून ती तोंडात टाकत आणि सरकारची सायकल वळणाआड गेली की थुंकत. खाज्या पावरा नावाचा एक जण तर नेमानं एकाच मोहाच्या झाडाखाली थुंकायचा. मोहाची फुलं वेचणाऱ्या बायकांना एकदा फुलांत पांढऱ्या गोळ्या सापडल्या आणि त्या आबांकडे बघून पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवशी आबांनी आपली पद्धत बसवली. गोळी द्यायची, समोर उभं राहायचं, पाणी प्यायला लावायचं आणि म्हणायचं, "तोंड उघड. जीभ वर कर." जिभेखाली काही नाही हे बघितल्याशिवाय ते पाड्यावरून हलत नसत.

पुढे याच खाज्याचा ताप खरोखरच डोक्यात गेला, तेव्हा आबांनी त्याला झोळीत घालून, माणसं लावून, स्वतः एक टोक खांद्यावर घेऊन डोंगर उतरवला आणि चोपड्याच्या दवाखान्यात पोचवला. खाज्या वाचला. हे खरं आहे, आणि आबांवर कितीही राग आला तरी ते नाकारता येत नाही. माणूस वाईट नव्हता. फक्त एकदा फार मोठ्या गोष्टीत बरोबर ठरला होता, आणि त्या दुखण्यातून तो पुन्हा कधी उठला नाही.

निवृत्तीनंतर आबांना दोन नाद लागले. पहिला शिट्टीचा. विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जाऊ लागल्या, तेव्हा गावानं राखण बसवली आणि शिट्टी आबांच्या गळ्यात पडली. म्हणजे आबांनीच गळा पुढे केला. राखणीचा एक अलिखित कायदा होता. कोणी परक्याची नुसती कॉलर धरली, तर विचारपूस व्हायची, कोण गावचा, कोणाकडे आला, क्वचित चहाही व्हायचा. नुसती शिट्टी वाजली, तर लोक अंथरुणातूनच "आबाले झोप नही" म्हणून कूस बदलायचे. पण कॉलर आणि शिट्टी एकाच वेळी जमली, की विचारपूस बाद. मग गाव काठ्या घेऊन धावायचं आणि आधी हात मोकळे करून घ्यायचं.

एकदा दिवेलागणीला नवल पाटलाच्या पोराला गावातल्या पुनाच्या विहिरीत कोणीतरी वाकून बघताना दिसलं. त्यानं मागून कॉलर धरली. तिकडून येणाऱ्या आबांना धरपकड दिसली, माणूस दिसला नाही. त्यांनी शिट्टी फुंकली ती अशी, की म्हशी दावणीला उभ्या राहिल्या. गाव धावलं. तो बिचारा "मी पुनाना शाला शे! पुनाना शाला!" असं ओरडत होता, पण मार देताना कोणी नातं विचारत नाही. तो खरोखरच पुनाचा मेहुणा होता. शिरपूरहून बहिणीला दिवाळीला न्यायला आला होता आणि मेहुण्याच्या विहिरीला पाणी किती, हे कौतुकानं बघत होता. तो बहिणीला न घेता, प्लास्टर घेऊन गेला. साप साप म्हणून भुई धोपटावी तसा प्रकार. पुनाची बायको पुढे बरेच दिवस आबांच्या घरावरून जाताना जमिनीवर थुंकायची. आबांचं म्हणणं मात्र स्पष्ट होतं: "शिट्टी बरोबर व्हती. मानूस चुकीना निंघना."

दुसरा नाद प्रतिकारशक्तीचा. करोना येऊन गेला आणि जाताना हा शब्द मागे ठेवून गेला. जळगावच्या एका मंगल कार्यालयात टाय घातलेल्या, नवीन नावाच्या गृहस्थानं सभा घेतली, आबा तिला गेले आणि हिरव्या पुडीचा डबा घेऊन परतले. पूड कसल्याशा शेवाळाची होती. नवीननं सांगितलं होतं की जगातल्या सगळ्या रोगांचं मूळ एकच, प्रतिकारशक्ती कमी. ती वाढवा, रोग पळाला. आबांना हे फार पटलं. ज्या गोष्टीनं सगळंच बरं होतं, ती पटायला अक्कल लागत नाही, आणि आबांची तर सध्या रिकामीच बसून होती.

आता या सगळ्यात हेमांगी कुठे आली, तर ती या घरातच होती. आबांचं शेंडेफळ. थोरला प्रेमराज सुरतेला कपड्याच्या कारखान्यात, आणि हेमांगी जळगावच्या एका शाळेत शिकवायला रोज बसनं जायची. दोन वर्षांपूर्वी तिची बोटं सकाळी वळेनाशी झाली. उन्हात गेलं की दोन्ही गालांवर नाकावरून जाणारा लाल चट्टा उठायचा. ताप, तोंडात फोड, विंचरताना केसांचा पुंजका हातात. आबांनी तीनदा रक्ताचा थेंब काचेवर घेऊन धरणगावला तपासायला नेला. मलेरिया निघाला नाही, तेव्हा ते पोरीवर जरा नाराजच झाले.

शेवटी प्रेमराज सुरतेहून आला आणि बहिणीला व आई कमलबाईंना घेऊन धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी ल्युपस आहे म्हणून सांगितलं. शरीराची राखण शरीरावरच उलटते तो आजार. कायम जाणारा नाही, पण आवरता येणारा. काही गोळ्या थोड्या दिवसांच्या दिल्या आणि एक रोजची, कायमची. "बाकी काही चुकलं तर चालेल, ही चुकवू नका," असं त्यांनी कमलबाईंना बजावलं. आबा धुळ्याला गेले नव्हते. डॉक्टरला आपण काय विचारायचं, असा त्यांचा सवाल होता, आणि त्याला उत्तर नव्हतंच.

वर्षभर हेमांगी ठणठणीत होती. चट्टा गेला, बोटं वळू लागली, फळ्यावर लिहिताना खडू सुटेनासा झाला. स्थळंही येऊ लागली. इथंच सगळं नीट राहायचं होतं, पण एक दिवस अभिमन आला. अभिमन म्हणजे आबांचा खात्यातला जोडीदार, पाड्यावर त्यांच्या मागे सायकल हाणणारा. चहा पिता पिता त्याची नजर कोनाड्यातल्या गोळ्यांच्या पाकिटावर गेली. त्यानं चष्मा सावरून नाव वाचलं आणि हसत सुटला.

"वना, हाई काय शे? हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन! हाई तं आपली गोयी शे! आपली क्लोरोक्वीननी बहीन!"

आबांनी पाकीट हिसकावून घेतलं. करोनात टीव्हीवर हे नाव रोज घेतलं जायचं, तेव्हा त्यांनीच गावाला छाती फुगवून सांगितलं होतं की ही आपल्या खात्याची गोळी. आणि ती आपल्याच घरात, आपल्याच कोनाड्यात, आपल्याला न विचारता!

"मलेरियानी गोयी!" आबा कडाडले. "आनि मन्ही पोरले मलेरिया शे का? तीनदा रगत देखं मी!"

हेमांगी म्हणाली, "आबा, डॉक्टरबाईनी सांगेल शे, ही गोयी बंद करानी नही."

"डॉक्टरबाई काल्दिननी पोर. मी ह्या गोय्या वाटी वाटी म्हतारा व्हयनू."

"पोर बरी शे ना?" कमलबाई चुलीपासून म्हणाल्या. "मंग कसाले हात लावतस?"

पण बरी आहे म्हणूनच तर बंद करायची, हे आबांचं शास्त्र होतं. मलेरियात ताप उतरला, गोळ्यांचा कोर्स संपला, की गोळी बंद. जन्मभराची गोळी आबांनी आयुष्यात कोणाला दिली नव्हती, म्हणून ती नसतेच. शिवाय स्थळाकडची माणसं पहिलं हेच विचारत होती, की मुलगी कसल्या गोळ्या खाते. गोळी नाही तर आजार नाही, आजार नाही तर प्रश्न नाही. आबांनी पाकिटं उचलून कणगीमागे टाकली आणि हिरव्या पुडीचा डबा पुढे केला. शक्ती वाढव, म्हणाले, रोग पळेल.

हेमांगी शिकलेली होती, मग तिनं ऐकलं कसं, असं कोणी विचारेल. ती कंटाळली होती, हे एक कारण. सत्ताविसाव्या वर्षी 'जन्मभर' हा शब्द कोणाला आवडतो? आणि दुसरं कारण असं, की त्या घरात आबांनी हातात दिलेली वस्तू कोणी आजवर नाकारली नव्हती. सकाळी आबा पेल्यात पूड कालवून समोर उभे राहत. ती डोळे मिटून प्यायची. मग आबा सवयीनं म्हणत, "तोंड उघाड. जीभ वर कर." ती हसून जीभ वर करायची. हिरवीगार.

कापूस फुटायच्या सुमारास हेमांगीचे गाल भरले. सकाळी उठली की तोंड गोबरं, डोळे बारीक, पावलं भरलेली. बांगड्या घट्ट झाल्या. आबा ओट्यावरून सगळ्यांना सांगू लागले, "देखा, पोरनी आंग धरं! पूड लागू पडनी!" ती जिना चढताना दमायची, तर आबा म्हणायचे वजन वाढलं की दम लागणारच. लघवीला फेस येतो असं तिनं आईला हळूच सांगितलं, आईनं आबांना सांगितलं, आणि आबा म्हणाले, अंगातली घाण निघतेय. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर होतं. कमलबाईंनी दोनदा धुळ्याचं नाव काढलं, तेव्हा आबांनी नवीनचा फोन लावून दिला. नवीन म्हणाला, सुरुवातीला असं होतं, मात्रा वाढवा. आबांनी वाढवली.

आणि पोर अशी बाळसेदार दिसतेय तोवर कांदेपोहे उरकून घ्यावेत, म्हणून त्यांनी अमळनेरकडच्या स्थळाला बोलावणं धाडलं.

पाहुणे रविवारी दुपारी आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्या सुनंदाबाई. पोहे झाले, चहा झाला. आबांनी मुलीच्या तब्येतीचं श्रेय मुलीला सोडून सगळ्यांना वाटलं. सुनंदाबाई मात्र हेमांगीच्या पायांकडे बघत होत्या. पाया पडायला ती वाकली आणि उठताना भिंतीचा आधार घेऊन तिथेच बसली, तेव्हा सुनंदाबाईंनी तिला जवळ ओढलं, साडी टाचेवरून जरा वर केली आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला. खड्डा तसाच राहिला. सगळे त्या खड्ड्याकडे बघत राहिले. तो भरेना.

"पायमा पानी शे हिना," सुनंदाबाई म्हणाल्या. "मन्हा मालकले असंच व्हतं. आम्ही बी म्हनूत, आंग धरं." त्यांचं कपाळ मोकळं होतं, पुढचं सांगायची गरज नव्हती. "कांदेपोहे राहू द्या, भाऊ. गाडी काढा."

पाहुण्यांच्याच गाडीतून हेमांगी धुळ्याला गेली. मुलगी बघायला आलेल्यांनी मुलगी दवाखान्यात पोचवावी, असा मान त्या गावात आजवर कोणाला मिळाला नव्हता. आबा पुढच्या सीटवर बसले होते आणि वाटभर त्यांनी कोणालाही निदान सांगितलं नाही.

डॉक्टरबाईंचं नाव सुनिता पावरा. पस्तिशी ओलांडलेल्या, बोलणं थोडकं. लघवीचा आणि रक्ताचा रिपोर्ट आला तसा त्यांचा चेहरा ताठ झाला. किडनीला मार बसला आहे, म्हणाल्या. सुई घालून तुकडा तपासायचा, मोठी औषधं सुरू करायची. किती वाचेल ते आत्ता सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं, "रोजची गोळी चालू होती ना?"

आबा खिडकीबाहेर बघत होते. हेमांगी म्हणाली, "मीच विसरत होते, मॅडम."

आबांना आधी बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. क्षणभर त्यांना सुटल्यासारखं वाटलं. मग ज्या पोरीच्या पायात पाणी भरलंय, तीच आपल्यावर पांघरूण घालतेय हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते खिडकीकडून वळले. तोवर कमलबाईंनी काम उरकलं होतं.

"पोर खोटं बोली ऱ्हायनी," त्या म्हणाल्या. "ह्या मानूसनी बंद करी. मलेरियानी गोयी शे म्हने. आनि शक्ती वाढाले हिरवी पूड पाजी. कुंपननीच शेत खाद्धं, बाई."

डॉक्टरबाईंनी आरडाओरडा केला असता तर आबांना सोयीचं झालं असतं. आरडाओरड्याला ते आरडाओरड्यानं उत्तर देऊ शकत होते. पण बाईंनी खुर्ची ओढली आणि शांतपणे समजावायला घेतलं.

"आपल्या रक्तात 'बी' नावाच्या पेशी असतात, आबा. जंतूंवर सोडायचं हत्यार त्या बनवतात. प्रत्येकीच्या अंगावर तिचा असा एक आकडा असतो, तो ठराविक गोष्टीलाच अडकतो. काही अडकलं की ती ते ओढून आपल्या पोटातल्या पिशवीत नेते. पण नुसतं अडकलं म्हणून ती उठत नाही. त्या पिशवीच्या भिंतीत जन्मापासून बसवलेले राखणदार असतात. ते माणसं ओळखत नाहीत. त्यांना फक्त एवढंच कळतं, की जंतूच्या गाभ्यासारखं काहीतरी आलं. आलं की ते इशारा देतात. पकड आणि इशारा, दोन्ही एकदम मिळाले की ती पेशी चेवते, एकीच्या असंख्य होतात, आणि मारा सुरू."

"मंग चांगलं शे ना," आबा पुटपुटले.

"जंतू असेल तर चांगलंच. पण हिच्या काही पेशींचा आकडा हिच्याच मेलेल्या पेशींच्या गाभ्याला अडकतो. रोज मरतात पेशी, त्यांचा कचरा असतोच. तो कचरा पिशवीत ओढला गेला की राखणदार गोंधळतो. घरच्याचा गाभा आणि जंतूचा गाभा, दोन्ही एकाच प्रकारच्या धाग्याचे. त्याला फरक कळत नाही. तो इशारा देतो. पकड झालेलीच असते. मग हत्यारं सुटतात, ती हिच्याच अंगावर, आणि जाऊन साचतात किडनीत."

खाटेवरून हेमांगीचा बारीक आवाज आला.

"आबा," ती म्हणाली. "पुनाकाकाना शाला."

डॉक्टरबाईंना काही कळलं नाही. कमलबाईंना कळलं आणि त्यांनी तोंड फिरवलं. आबांच्या डोळ्यांसमोर कपाशीत पडलेला तो मेहुणा आला, तोंडावर हात घेऊन नातं सांगणारा. कॉलर कोणीतरी धरलेलीच होती. शिट्टी त्यांची होती. आणि शिट्टी बरोबर व्हती, असं ते गावभर सांगत फिरले होते.

"ही गोळी काय करते," डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या, "तर त्या पिशवीत जाऊन बसते. पिशवी आंबट असेल तरच राखणदाराचं चालतं. गोळी तो आंबटपणा मोडते, इशारा दबतो, पेशी निजून राहते. मलेरियाच्या जंतूच्या पोटातही एक आंबट पिशवी असते, तिथंही ही अशीच जाऊन बसते आणि त्याचं पचन बिघडवते. गोळीचा स्वभाव एकच. तुम्हाला एकच पिशवी माहीत होती, आबा, दुसरी नव्हती. त्यात गुन्हा नाही. पण विचारायचं तरी."

"आनि पूड?"

"पुडीनं किती बिघडलं आणि गोळी थांबल्यानं किती, ते मला मोजून सांगता येणार नाही. पण असल्या शेवाळाच्या पुडीनं हा आजार भडकल्याचं पाहिलं गेलंय. प्रतिकारशक्ती वाढते म्हणतात ना? हिला ती कमी नव्हतीच. आपल्याच माणसांवर धावून जाण्याइतकी होती. तुम्ही तिला आणखी काठ्या पुरवल्या."

संध्याकाळी सिस्टर गोळी घेऊन आली. हेमांगीनं ती तोंडात टाकली, पाणी प्याली. आणि खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या आबांच्या तोंडून, त्यांना न विचारताच, सवयीचे शब्द निघाले.

"तोंड उघड. जीभ वर कर."

दारातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरबाई थांबल्या. वळल्या.

"चोपड्याच्या वर होतात का तुम्ही? खाकी शर्ट, सायकल?"

आबांनी मान हलवली.

"गोळीवाले साहेब," त्या म्हणाल्या. "मी खाज्याची मुलगी. माझ्या बापानं तुमच्या गोळ्या मोहाखाली थुंकल्या, आणि मीही थुंकल्यात, तुमची पाठ फिरल्यावर. तुम्ही त्याला झोळीत घालून डोंगर उतरवला, ते आई अजून सांगते. तुम्ही नसतात तर मी इथे नसते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माझा बाप अडाणी होता, साहेब. तो स्वतःच्या तोंडातली गोळी थुंकायचा. तुम्ही मुलीच्या तोंडातली काढून घेतलीत."

डॉक्टरबाईंपुढे हात जोडावेत की तोंड लपवावं, हे आबांना कळेना. त्यांनी मान खाली घातली आणि ती तशीच ठेवली. कमलबाई म्हणतात, लग्न झाल्यापासून हा माणूस एवढा वेळ गप्प बसलेला त्यांनी पहिल्यांदा बघितला.

हेमांगी घरी आली तेव्हा कापूस वेचून झाला होता. सूज ओसरली. लघवीतलं वाया जाणारं प्रथिन बरंच कमी झालं. पण किडनीचा जो भाग गेला तो गेलाच, हे डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. बाकीचा टिकवायचा, आणि तो टिकेल, गोळी चुकली नाही तर. अमळनेरकडून निरोप आला, "पोर बरी झाली की बघू." त्या भागात या वाक्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. फक्त सुनंदाबाई मधूनच फोन करून सूज विचारतात, स्थळाचं काही बोलत नाहीत.

हिरव्या पुडीचा उरलेला डबा आबांनी म्हशीपुढे ठेवला. तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं. म्हैस कुठल्या सभेला गेलेली नव्हती. शिट्टी त्यांनी स्वतः नेऊन पुनाच्या ओट्यावर ठेवली. पुनाच्या बायकोनं ती उचलून घरात नेली. बोलली नाही, पण त्यानंतर थुंकायची थांबली.

गोळ्या आता कमलबाईंच्या ताब्यात आहेत, उडदाच्या डब्यामागे. आबांनी त्यांना हात लावायचा नाही, असा हुकूम आहे. नोकरीभर डोंगरातल्या लोकांच्या हातावर गोळी ठेवणाऱ्या माणसाला त्याच्याच घरात गोळीला शिवायची बंदी. यावर गावात बरेच विनोद झाले, आणि एकेकाळी जशी आबांची निदानं लोकांनी ऐकून घेतली तसे आबांनी ते ऐकून घेतले.

हेमांगी पुन्हा शाळेला जाऊ लागली त्या पहिल्या सकाळी आबा ओट्यावर पेपर उघडून बसले होते. वाचत नव्हते. आतून डब्याचा आवाज आला, मग पेल्याचा. त्यांचे कान तिकडेच होते. गिळली का, हे विचारायचं ओठावर होतं, पण विचारायचा हक्क गेला होता, आणि तो कसा गेला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते पेपरात आणखी आत शिरले.

हेमांगी शाळेची पर्स खांद्याला अडकवून बाहेर आली. आबांसमोर उभी राहिली. पेपर बोटानं खाली केला. मग तिनं तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

"देखा, आबा," ती जिभेखालून कसंबसं म्हणाली.

आबांनी बघितलं. उभ्या जन्मात इतक्या लोकांच्या जिभेखाली त्यांनी डोकावलं होतं, पण बघता बघता दिसेनासं होण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा नीट बघितलं.

"शे का काही?" तिनं विचारलं.

"काहीच नही," आबा म्हणाले. "जाय, बस निंघी जाई."

ती गेली. तेव्हापासून ती रोज शाळेला जाण्याआधी ओट्यावर थांबते, तोंड उघडते, आणि आबा बघतात.